रावजीचा निकाल सापडतो, पण तो बाद झालाय हे कळत नाही: ‘इंडियन कानून’ आणि इतर निकाल-संग्रह

घरातल्याच माणसाने घरातली चार-सहा माणसे मारली, असा जुना खटला मुळातून समजून घ्यायचा तर वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर भागत नाही. निकालपत्रच वाचावे लागते. मुंबईत वकिलीचे विद्यार्थी, कोर्टाच्या बातम्या करणारे पत्रकार आणि अलीकडे गुन्हेकथांचे पॉडकास्ट करणारी मंडळी त्यासाठी आधी उघडतात ते ‘इंडियन कानून’. २००८ साली सुरू झालेले हे शोधयंत्र वाचायला मोफत आहे. शोधण्याच्या कामात ते फार चांगले आहे. मात्र फाशीचा निकाल वाचायचा असेल तर तेवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. का, ते एकाच खटल्यावरून नीट दाखवता येते: रावजी ऊर्फ रामचंद्र विरुद्ध राजस्थान राज्य, ५ डिसेंबर १९९५.

खटला असा. १९९३ साली राजस्थानातल्या बांसवाडा भागात रावजीने रात्री झोपेत असलेली गरोदर बायको आणि तीन लहान मुले कुऱ्हाडीने मारली. आईवरही वार केले. शेजारचा एक माणूसही त्याच्या हातून मेला. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि ४ मे १९९६ रोजी त्याला फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक वाक्य आले: योग्य शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे, गुन्हेगार नव्हे. हे वाक्य १९८० च्या बच्चन सिंग निकालाच्या थेट विरुद्ध होते. पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठाने सांगितले होते की गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहा, आणि जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला असेल तरच, दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, फाशी द्या. पुढे १३ मे २००९ रोजी संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच रावजीचा निकाल ‘पर इन्क्युरियम’ ठरवला. म्हणजे बंधनकारक कायदा नजरेआड करून दिलेला, म्हणून पुढे आधाराला न चालणारा. तोवर रावजीला फाशी होऊन तेरा वर्षे उलटली होती.

आता शोध. नुसते ‘रावजी’ टाकले तर या नावाचे जमिनीचे, वारसाचे, मोटार अपघाताचे निकाल समोर येतात. म्हणून शोधचौकटीत इंग्रजीत ‘टायटल’ लिहून विसर्गचिन्हानंतर नाव द्यावे, म्हणजे फक्त खटल्याच्या शीर्षकातले नाव धरले जाते. त्यापुढे ‘डॉकटाइप्स’ला सुप्रीमकोर्ट (एक सलग शब्द), आणि ‘फ्रॉमडेट’ व ‘टूडेट’ला तारखा, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. १९९५ ते १९९६ एवढी चौकट घातली की मोजकेच निकाल उरतात. शब्द जोडायचे किंवा वगळायचे असतील तर इंग्रजी ‘अँड’च्या शेवटी आणखी एक डी, ‘ऑर’ला आणखी एक आर, ‘नॉट’ला आणखी एक टी, सगळी अक्षरे कॅपिटल आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. नेहमीचा एका डीचा ‘अँड’ टाकला तर तो जोडशब्द म्हणून काम करत नाही. शोध फसण्याचे हे सगळ्यात साधे कारण आहे.

नावाच्या स्पेलिंगवर फार भरवसा ठेवू नये. रामचंद्र एका ठिकाणी एकसंध, दुसरीकडे दोन शब्दांत. ‘ऊर्फ’साठी कुठे ॲट-द-रेटचे चिन्ह, कुठे ‘एलियास’. नंतरच्या लेखनात हाच माणूस रावजी राव या नावानेही येतो. नावाने न सापडल्यास सायटेशनने, म्हणजे निकाल छापणाऱ्या खंडमालेतल्या वर्ष आणि पान क्रमांकाने शोधा: १९९६ चा एआयआर (‘ऑल इंडिया रिपोर्टर’), पान ७८७, किंवा १९९६ च्या एससीसीचा (‘सुप्रीम कोर्ट केसेस’) दुसरा खंड, पान १७५.

तिसरी वाट वाक्याची, आणि अभ्यासकाला खरी उपयोगी हीच. ‘नेचर अँड ग्रॅव्हिटी ऑफ द क्राइम’ ही शब्दमाळ दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा. रावजीचे वाक्य नंतर कुठे कुठे उचलले गेले त्याचा माग समोर उलगडतो. मात्र अवतरणचिन्हांतला शोध अक्षरशः चालतो, त्यामुळे एकवचन-अनेकवचनाच्या फरकानेही निकाल हातातून निसटतात. ‘समाजाची न्यायासाठीची हाक’ या अर्थाची ओळ रावजीच्या निकालात आहे आणि १९९४ च्या धनंजय चॅटर्जी निकालातही जवळपास त्याच शब्दांत आहे. ती एकाच निकालाची समजून मोजदाद करू नये. शब्दमाळ लहान ठेवा, चार-पाच शब्दांची.

निकालाच्या पानावर सोयी बऱ्याच आहेत. परिच्छेदांना रंग देऊन वस्तुस्थिती, मुद्दे, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, न्यायालयाची कारणमीमांसा आणि निष्कर्ष वेगळे दाखवले जातात. लांबलचक निकालात यामुळे वेळ वाचतो, पण ही वाटणी यंत्राने केलेली असते. फाशीच्या निकालात शिक्षेवरची चर्चा बहुतेक वेळा शेवटी, कधी दोन-तीन परिच्छेदांत उरकलेली असते आणि युक्तिवाद व कारणमीमांसा एकमेकांत मिसळलेली असतात. तिथे रंगावर जाऊ नये, स्वतः वाचावे. जुन्या निकालांच्या मजकुरात टंकनाच्या चुका आहेत, ओळी तुटलेल्या आहेत, हेडनोट (निकालाच्या वर दिलेला सारांश) आणि मूळ निकाल एकाखाली एक चिकटलेले आहेत. हेडनोट न्यायमूर्तींनी लिहिलेली नसते. तिथले वाक्य ‘न्यायालय म्हणाले’ म्हणून छापणे ही पत्रकारांकडून वारंवार होणारी चूक आहे. परिच्छेद क्रमांकही एससीसीतल्या क्रमांकाशी जुळतीलच असे नाही.

बच्चन सिंगबाबत तर आणखी एक खड्डा आहे. चार विरुद्ध एक असा तो निकाल. बहुमताचा मजकूर ९ मे १९८० चा, तर न्यायमूर्ती भगवतींच्या मतभेदाची कारणे १६ ऑगस्ट १९८२ ची. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर, एकाच शीर्षकाखाली उघडतात. फाशीला घटनाबाह्य म्हणणारे पान हाती लागले आणि तोच निकाल समजून लिहिले, तर सगळेच उलटे होते. तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय या निकालात मूळ गुन्हा शोधायला गेलात तर तीन खुनांच्या उल्लेखापलीकडे फार काही नाही. बायकोच्या खुनाची शिक्षा भोगून आलेला बच्चन सिंग चुलतभावाच्या घरी राहत होता आणि त्याच घरातली माणसे त्याने मारली. फाशीविषयीचा आपला सगळा कायदा ज्या खटल्यातून आला तोही मुळात घरातल्याच हत्याकांडाचा आहे, हे घटनापीठाच्या निकालातून सहज लक्षात येत नाही.

आता मुख्य उणीव. रावजीचे पान उघडल्यावर हा निकाल आता आधाराला घेऊ नका असा मोठा, नजरेत भरणारा इशारा वर कुठेही दिसत नाही. मजकूर शांतपणे सुरू होतो. एखादा विद्यार्थी तो वाचेल, ‘गुन्हेगार नव्हे, गुन्हा’ हे वाक्य उतरवून घेईल आणि निबंधात किंवा युक्तिवादात वापरेल. संग्रहात निकाल आहे म्हणजे तो चालू आहे, असे वाचणाऱ्याला वाटणे साहजिक आहे.

उपाय त्याच पानावर आहे, पण तो करावा लागतो. शीर्षकाजवळ ‘साइट्स’ आणि ‘साइटेड बाय’ असे दोन दुवे असतात. पहिल्यात या निकालाने कोणाचा आधार घेतला ते, दुसऱ्यात याचा उल्लेख नंतर कोणी केला ते. ‘साइटेड बाय’ उघडा. शोधचौकटीत त्या निकालाचा अंकी क्रमांक आलेला दिसतो. तो तसाच ठेवून पुढे ‘पर इन्क्युरियम’ हे शब्द आणि सुप्रीमकोर्टची अट जोडा. बरियार निकाल वर येतो. तो उघडल्यावर, आधीच्या निकालांचा उल्लेख कसा झाला हे दाखवणारी सोय चालू करा: पक्षकाराने आधार घेतला, न्यायालयाने स्वीकारला, न्यायालयाने प्रतिकूल पाहिले, अशी वर्गवारी असते. पण ही खूण उल्लेख करणाऱ्या निकालात कळते, ज्याला बाद ठरवले त्याच्या पानावर नाही. म्हणून कोणताही फाशीचा निकाल वाचताना हा फेरफटका आधी करावा, टिपणे नंतर घ्यावीत.

ही केवळ अभ्यासकी काळजी नव्हे. बरियार निकालातच मोजून सांगितले आहे की सर्वोच्च न्यायालयाच्या किमान ६ फाशीच्या निकालांनी रावजीचा आधार घेतला. त्यांत सुरजा राम आहे, सख्खा भाऊ आणि त्याच्या घरातली माणसे मारणारा. त्यालाही १९९७ मध्ये फाशी झाली. दयानिधी बिसोई आहे, नातेवाइकाच्या कुटुंबाला मारणारा. महाराष्ट्रातले दोन आहेत: शिवाजी ऊर्फ दाद्या शंकर अल्हाट आणि मोहन अण्णा चव्हाण. २०१२ साली १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या आधारावर फाशीची शिक्षा सुनावलेल्या १३ कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. रावजी आणि सुरजा राम यांच्यासाठी तेव्हा काहीच करता येण्यासारखे नव्हते.

त्या १३ जणांत नाशिकजवळच्या एका प्रकरणातले सहा जण होते. अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल प्रत्येकाने शोधून पाहावा, कारण या शीर्षकाचे दोन परस्परविरोधी निकाल संग्रहात शेजारी शेजारी आहेत. ३० एप्रिल २००९ च्या निकालात सहाही जणांना फाशी; उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली होती, तीही पुन्हा फाशी झाली. ५ मार्च २०१९ च्या निकालात सहाही निर्दोष, आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई. फक्त शीर्षक टाकून वर आलेला पहिला निकाल वाचणारा माणूस निर्दोष सुटलेल्यांना खुनी लिहून मोकळा होऊ शकतो. निकाल नेहमी ‘मोस्ट रिसेंट’ क्रमाने लावा आणि सगळ्यात नवा आधी उघडा. जिवंत माणसांच्या नावाचा प्रश्न आहे.

शिक्षेचे पुढे काय झाले हे शोधतानाही असाच घोळ होतो. अपिलाचे शीर्षक ‘विरुद्ध राज्य’ असते. दयेचा अर्ज फेटाळल्यावर केलेल्या याचिकेचे शीर्षक मात्र ‘विरुद्ध युनियन ऑफ इंडिया’ असते, आणि अनेकांच्या याचिका एकाच शीर्षकाखाली निकाली निघतात. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आली. दयेच्या अर्जावर वर्षानुवर्षे निर्णय न होणे हे त्यामागचे मोठे कारण. त्यांत कुटुंबातली १३ माणसे मारणारा एक, भावाच्या घरातले पाच जण मारणारे दोघे, बायको आणि पाच मुलींना मारणारा एक, आणि हरियाणातल्या माजी आमदाराच्या घरात २००१ साली आठ जणांना मारणारी त्याची मुलगी व जावई होते. यांतल्या कोणाचेही नाव त्या निकालाच्या शीर्षकात नाही. म्हणून आरोपीचे नाव ‘टायटल’मध्ये न घालता, अवतरणचिन्हांत, पूर्ण मजकुरात शोधावे.

गुन्ह्याची खरी हकिगत हवी असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अपुरा पडतो. तिथे पोहोचेपर्यंत साक्षीपुरावे आटून चार पानांवर येतात. फाशीच्या प्रत्येक शिक्षेला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६६ खाली होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ खाली आहे. मुंबई उच्च न्यायालयात हे प्रकरण ‘कन्फर्मेशन केस’ म्हणून नोंदले जाते, म्हणून ‘डॉकटाइप्स’ला बॉम्बे देऊन हीच दोन शब्दांची शब्दमाळ शोधावी. पंचनामे, शवविच्छेदनातल्या जखमा, कोण कुठे झोपले होते, दार आतून बंद होते का, हे सगळे याच निकालात सविस्तर मिळते. काळा घोड्याच्या सत्र न्यायालयाचा किंवा ठाण्याचा जुना निकाल मात्र इथे मिळेल या भरवशावर राहू नये. त्यासाठी त्या न्यायालयातूनच प्रमाणित प्रत काढावी लागते. खटला क्रमांक आणि वर्ष हाताशी असेल तर काम सोपे होते, आणि हे दोन्ही उच्च न्यायालयाच्या निकालाच्या पहिल्या पानावर बहुधा असतात.

आणि काही हत्याकांडे कोणत्याच संग्रहात नाहीत. ठाण्यात कासारवडवलीला फेब्रुवारी २०१६ मध्ये एकाने आपल्या कुटुंबातल्या १४ जणांना मारून स्वतः गळफास घेतला. आरोपीच मेल्यावर खटला चालत नाही, पोलिसांची ‘ॲबेटेड समरी’ (आरोपी मेल्यामुळे प्रकरण बंद करण्याचा अहवाल) होते आणि निकालपत्र जन्मालाच येत नाही. घरातल्या सामूहिक हत्यांमध्ये शेवटी स्वतःला संपवणारे पुष्कळ असतात. त्यामुळे निकालांवरूनच या गुन्ह्याचे स्वरूप ठरवायला गेले तर मागे जिवंत राहिलेल्यांचेच गुन्हे दिसतात. शोध रिकामा आला म्हणून तारखा चुकल्या असे समजून तासन् तास घालवू नयेत.

न्यायालयात दाखवायला किंवा पुस्तकात संदर्भ द्यायला सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत ‘ई-एससीआर’ वापरावे. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली ही सेवाही मोफत आहे. छापील ‘सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स’चे १९५० पासूनचे खंड पीडीएफमध्ये, मूळ पान क्रमांकांसह मिळतात. उदाहरणार्थ बच्चन सिंग १९८३ च्या पहिल्या खंडात पान १४५ पासून. मजकूर स्वच्छ, पण उच्च न्यायालयांचे निकाल इथे नाहीत, आणि मुक्त शोधाची सफाई ‘इंडियन कानून’सारखी नाही. म्हणून तिकडे शोधावे, इकडून उतरवून घ्यावे. काही निकालांचे मराठी अनुवादही इथे आहेत, यंत्राच्या मदतीने केलेले. पक्षकाराला समजावे एवढाच त्यांचा हेतू असून अधिकृत मजकूर इंग्रजीच, अशी सूचना त्यांच्यावर असते. मराठीत लिहिणाऱ्याने तिथले पारिभाषिक शब्द जरूर घ्यावेत, पण वाक्य उद्धृत करायचे असेल तर इंग्रजीवरून स्वतः उतरवावे.

‘एससीसी ऑनलाइन’ आणि ‘मनुपात्र’ या पैसे भरून घ्यायच्या सेवा. निकाल पुढे कसा वापरला गेला, पाळला की बाजूला सारला, हे दाखवण्याची सोय हीच त्यांची मुख्य किंमत आहे. एका लेखासाठी किंवा पॉडकास्टच्या दोन भागांसाठी वर्गणी भरण्यात अर्थ नाही. वर सांगितलेला ‘साइटेड बाय’चा फेरफटका पुरतो. नियमित फौजदारी काम करणाऱ्याने मात्र कॉलेजच्या किंवा वकील संघटनेच्या ग्रंथालयातून तरी या सेवा वापराव्यात.

नव्या निकालांसाठी कलमे बदलून शोधायची आहेत. खुनाचे ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे. फाशीसाठी ‘विशेष कारणे’ मागणारे ३५४ (३) आता नागरिक सुरक्षा संहितेत ३९३ (३) आहे. जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालू राहणार, म्हणून पुढची काही वर्षे दोन्ही आकडे मधल्या दोन आरांच्या ‘ऑर’ने जोडून टाकावेत. २० मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाने आरोपीची मानसिक तपासणी, घरची पार्श्वभूमी आणि तुरुंगातली वर्तणूक यांचे अहवाल मागवणे सांगितले. त्यानंतरच्या निकालांत ‘मिटिगेटिंग’ (शिक्षा सौम्य करायला लावणारी परिस्थिती) हा शब्द शोधला की शिक्षेचा भाग थेट सापडतो. रावजीसारख्या जुन्या निकालांत हा भाग तुटपुंजा असतो, तेव्हा तिथे हा शब्द शोधून काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.